तिसऱ्या बिछान्याचं माप

धक्क्यावरचं ते खोकं लांबूनच दिसलं आणि कप्तानाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चांगलं कमरेएवढं उंच खोकं, वर वाफाळत्या कपाचं चित्र, आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेला जावई. चेहरा असा खुललेला, की घरात बाळ आलंय असं वाटावं.

"काय आहे हे?" कप्तानानं विचारलं. चित्र ढळढळीत समोर होतं, पण नुसतं बघून गप्प बसला तर तो कप्तान कसला!

"कॉफीचं यंत्र, बाबा. दाणे वरून टाकायचे, बटण दाबायचं, झाली कॉफी."

"भर समुद्रात?"

"तिथेच तर खरी गरज."

"वा रे वा! आणि लाट आली की याला धरून कोण बसणार? का याच्यासाठी पण गादी शिवून घेतली आहेस?"

जावयाचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं. माणूस गरीब स्वभावाचा, पण वस्तू दिसली की हात आवरायचा नाही. शिडाच्या होडीतून महासागर पार करायचा असं नवरा-बायकोनं ठरवल्यापासून त्याला जणू मोकळं रान मिळालं होतं. वारा कुठून येतोय हे सांगणारी तीन यंत्रं त्यानं आणली होती. मान वर करून डोलकाठीच्या टोकावरचं फडकं बघितलं असतं तर फुकटात कळलं असतं. तेव्हा कप्तान हसला तर त्यात अगदीच काही चूक नव्हतं. एवढंच, की कप्तान एका गोष्टीला हसून थांबणारा नव्हता.

कप्तान म्हणजे काही खराखुरा कप्तान नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. जन्मभर त्यानं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खुर्ची उबवली. पण तरुणपणी, लेक जन्मायच्या आधी, घरामागच्या मोकळ्या जागेत त्यानं स्वतःच्या हातांनी एक शिडाची होडी बांधली होती आणि त्या होडीतून महासागर ओलांडला होता. हे खरं आहे, त्यात खोट काढायचं कारण नाही. पण त्या एका प्रवासाच्या जिवावर हा माणूस उरलेलं सगळं आयुष्य शेखी मिरवत फिरला, आणि ऐकणाऱ्यांचे कान किटले तरी याची जीभ काही दमली नाही.

"आमच्या होडीत फ्रिज नव्हता," तो सुरू करायचा. लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही. "दिवा नव्हता. संडास म्हणजे बादली. अंथरूण ओलं, पांघरूण ओलं, पाव ओला. पण तक्रार? नाव नको! माझ्या होडीवर तक्रारीला मुभाच नव्हती."

मग कुणीतरी विचारायचंच, की वहिनी पण होत्या ना बरोबर? त्यावर कप्तान आवाज उतरवून, मोठ्या मनाचा आव आणून सांगायचा, "होती. निम्म्या वाटेवर एक बेट लागलं, तिथे उतरली आणि विमानानं घरी आली. तिला समुद्र मानवला नाही. एकेकाची प्रकृती असते, दुसरं काय!" बायको तिथेच कप मांडत असली तरी तो असंच सांगायचा. ती काही बोलायची नाही. ती बोलत नाही म्हणजे तिचं काही म्हणणं नाही, असं त्यानं केव्हाच धरून टाकलं होतं.

आणि हा ओल्या अंथरुणाचा शूर वीर घरात कसा होता म्हणाल? चहा जरासा गार झालेला याला चालत नसे. उशी एकच, ठरलेली, तीही बायकोनं थोपटून दिलेली. थंडीत पायाशी गरम पाण्याची पिशवी हवीच, आणि ती भरायला बायको. दुपारी जेवण झालं की पडदे ओढून दोन तास झोप, त्यात फोन वाजला तर घरभर ठणाणा. समुद्रावरचा आराम तेवढा याला पाप वाटायचा. घरचा आराम हा त्याच्या लेखी आराम नव्हताच, ती नुसती घरातली व्यवस्था होती.

तर मुद्द्याचं बोलू. लेक आणि जावई पुढच्या महिन्यात निघणार होते, आणि कप्तानाला त्यांच्याबरोबर जायचं होतं.

नुसतं जायचं नव्हतं, जिवाच्या आकांतानं जायचं होतं. सत्तरी जवळ आली होती. पुन्हा कोण विचारणार होतं? एकदा, फक्त एकदा, चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये आपण, असं त्याला पुन्हा उभं राहायचं होतं. पण तोंड उघडून मागेल तर शपथ! मागून मिळालेली जागा ती काय जागा? त्यांनी यावं, दोघांनी मिळून म्हणावं, बाबा, तुमच्याशिवाय आमचं कसं होणार. मग आपण जरा आढेवेढे घ्यावेत, गुडघ्याचं कारण सांगावं, आणि शेवटी त्यांच्या आग्रहाखातर हो म्हणावं. असा सगळा बेत मनात तयार होता. त्यांनी आपल्याला विचारावं म्हणून हा माणूस काय करत होता? तर रोज सकाळी धक्क्यावर जाऊन त्यांच्या प्रत्येक वस्तूला नावं ठेवत होता. आता बोला!

लेक जावयापेक्षा वेगळी. ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनियर होती. बोलायची कमी, हात चालवायची जास्त. त्या दिवशी ती होडीच्या पोटातून ग्रीसनं काळे झालेले हात पुसत वर आली, खोक्याकडे एकदा बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "परत."

"अगं, पण..."

"दाणे दळायला वीज कुठून आणणार आहेस? परत."

जावयानं मुकाट्यानं चिकटपट्टी पुन्हा लावली. कप्तानाला उकळ्या फुटल्या. वाटलं, पोरगी आपल्यावर गेली. तेव्हा तो हक्कानं होडीत उतरला आणि पाहणी करावी तसा फिरायला लागला.

सुकाणू धरून बसायच्या जागेवर लेकीनं कापडी छप्पर बसवलं होतं. समोरून लाट फुटली की पाणी तोंडावर येऊ नये म्हणून. "हे काय, मांडव घातलास?" कप्तान म्हणाला. बसायच्या फळीवर पाठीला टेकायला उशा होत्या. "आणि हे लोड! नाच कुणाचा ठेवलाय?" आत, इंजिनाच्या शेजारी एक अरुंद कपाट होतं. इंजिन चाललं की त्यात ऊब यायची आणि ओले कोट वाळायचे. ते बघून तर कप्तानानं कपाळाला हात लावला.

"कोट वाळवायला कपाट! अगं, कोट ओला होण्यासाठीच असतो."

"बाबा, ओल्या कपड्यांनी अंगाला फोड येतात. फोड आले की माणूस नीट बसत नाही, नीट झोपत नाही. मग पहाऱ्याच्या पाळीवर डुलकी लागते आणि जहाज समोर आलेलं दिसत नाही."

"आम्हाला आले होते फोड. मेलो का?"

"नाही," लेक म्हणाली, आणि पुन्हा इंजिनाकडे वळली.

खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र, लाटेबरोबर डुलणारी शेगडी, गादीखाली वारा खेळावा म्हणून लावलेल्या पट्ट्या. एकेका वस्तूवर कप्तानानं आपली जीभ चालवून घेतली. गादीखालच्या पट्ट्यांना तो म्हणाला, "म्हणजे आता गादीलाही गुदमरतं का?" आणि स्वतःच इतका हसला की खोकला लागला. लेकीनं त्याला पाणी दिलं. जावई कसनुसं हसला. दोघंही उलटून काही बोलले नाहीत. न बोलणाऱ्यांच्या बाबतीत कप्तानाचं मत आधीच सांगितलेलं आहे.

त्याच दिवशी निघताना त्याच्या कानावर ते पडलं. लेक नवऱ्याला सांगत होती, "तिसऱ्या बिछान्याची गादी शुक्रवारी मिळेल. कठडा पण शिडवाल्या बाई बसवूनच देणार आहेत." कठडा म्हणजे बिछान्याच्या कडेला ताणून बांधायचं जाड कापड. होडी कलली तरी झोपलेला माणूस खाली गडगडू नये, म्हणून.

कप्तानाचं पाऊल तिथेच थांबलं. तिसरा बिछाना! दोघांनीच जायचं म्हटलं तर पाळी करून करून दोघंही निम्मे मरतात. एक जागा, एक झोपलेला, कुणालाच सलग झोप नाही. तिसरं माणूस असलं की सगळं सोपं होतं. आणि तिसरं माणूस दुसरं कोण असणार? अख्ख्या गावात महासागर ओलांडलेलं दुसरं होतं तरी कोण? त्याची छाती भरून आली. गाद्या, उशा, कठडे यांना आत्ताच नावं ठेवून झाली होती, पण आपल्यासाठी शिवलेला कठडा म्हटल्यावर तो इतका वाईट वाटेना. असू दे, तो मनात म्हणाला, पोरांचं मन मोडू नये.

घरी येऊन त्यानं माळ्यावरून आपला जुना पिवळा रेनकोट काढला. कोपरात घड्यांवर चिरा गेल्या होत्या. तो गॅलरीत नेऊन झटकत असताना बायको बाहेरून आली. तिचे गाल वाऱ्यानं लाल झाले होते आणि केसांचा पार अवतार झाला होता. हल्ली ती दुपारी, तो झोपला की, कुठेतरी जायची. कुठे, ते त्यानं विचारलं नव्हतं. आपण झोपलेले असताना जगात काय चालतं याची चौकशी करायचा त्याचा स्वभाव नव्हता.

"कुठे निघालात का?" तिनं कोटाकडे बघत विचारलं.

"छे! सहज काढला. आठवण म्हणून."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

शुक्रवार गेला, शनिवार गेला, आमंत्रण काही येईना. रविवारी लेक-जावई सामान आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि कप्तानाला राहवेना. धक्का रिकामा होता. शेजारच्या होडीवर कुणीतरी रेडिओ लावून फळ्या घासत होतं, तेवढंच. तो हळूच चढला, झाकण सरकवून आत उतरला. तिसरा बिछाना डोलकाठीच्या मागे, डाव्या अंगाला होता. नवी गादी, निळं कापड, कडेला कठडा दोऱ्यांनी ताणलेला. कप्तानानं इकडेतिकडे बघितलं, बूट काढले आणि आत शिरला.

आत मावेल तर ना! डोकं टेकलं तर पाय बाहेर. पाय आत घेतले तर डोकं वरच्या फळीला. कुशीवर वळला, तर गुडघ्यांना कठडा. पाठीवर सरळ झाला, तर खांद्याला भिंत टोचायला लागली. एवढा मोठा माणूस तिथे पेटीत कोंबल्यासारखा पडला होता आणि संतापानं फणफणत होता. वीतभर कमी! चांगला वीतभर! मापात चूक केली होती. त्या जावयानं चष्मा पुसत पुसत भलताच आकडा सांगितला असणार, नाहीतर त्या शिवणाऱ्या बाईनं कापड वाचवलं असणार. बूट घालून तो तडक तिच्याकडे निघाला.

आता इथे दुसऱ्या कुणाच्याही डोक्यात आलं असतं, की गादी आपल्याला बसत नाही म्हणजे कदाचित गादी आपली नसेल. पण कप्तानाच्या मनाला ही शंका शिवलीसुद्धा नाही. जगातली कुठलीही वस्तू त्याला बसली नाही, की चूक वस्तूची.

शिडं शिवणाऱ्या बाईंचा कारखाना धक्क्याच्या मागच्या गल्लीत होता. लांबच लांब लाकडी फरशी, तिच्यावर पसरलेलं पांढरं शीड, आणि फरशीतच खड्डा करून बसवलेलं शिलाईयंत्र. बाई त्या खड्ड्यात बसून शिवत होत्या. रविवारीसुद्धा. मोसम सुरू व्हायच्या आधी त्यांना मान वर करायला फुरसत नसायची.

"काय हो, बाई," कप्तान दारातूनच कडाडला, "माप घेता का अंदाजे कापता?"

बाईंनी यंत्र थांबवलं. "या, कप्तानसाहेब. बूट बाहेर काढा. शिडावर पाय नको. काय झालं?"

"माझ्या लेकीच्या होडीवरचा तिसरा बिछाना! वीतभर आखूड आहे. माणूस झोपणार कसा त्यात? का पाय वेगळे काढून ठेवायचे?"

"आखूड?" बाईंना राग आला, आणि तो साहजिक होता. "शक्यच नाही. माप त्या माणसाला इथे झोपवून घेतलंय मी."

"कोणत्या माणसाला? मी तर कधी झोपलो नाही इथे."

"तुम्ही कशाला झोपाल? ज्यांना झोपायचंय त्या झोपल्या. या इथेच, या फरशीवर. मी म्हटलं, ताई, टेपनं घेते की. तर म्हणाल्या, नको, मी झोपते, तुम्ही भोवतीनं खडूनं रेघ मारा. लोळल्या बिनधास्त! मी मागून ती रेघ कागदावर उतरवून घेतली."

कप्तानाला काही उमगेना. "त्या म्हणजे कोण?"

"नाव नाही विचारलं. तुमच्या मुलीबरोबर आल्या होत्या. वयस्कर आहेत, केस पांढरे. पण काय हसतात हो! खडूनं गुदगुल्या होतात म्हणून इतक्या हसल्या, की रेघ वाकडी गेली आणि दोनदा पुसावी लागली. असं माणूस होडीवर हवं बघा."

वयस्कर, पांढरे केस. क्षणभर कप्तानाला घरचीच शंका आली होती, पण हसणं ऐकून ती फिटली. आपली बायको काही हसत नाही. लेकीच्या कामावरची कुणी बाई असेल. म्हणजे आपली जागा एका हसऱ्या बाईला दिली! त्याचा राग आता लेकीवर वळला.

"विश्वास नसेल तर बघा," बाई म्हणाल्या. त्यांनी खड्ड्यातून उठून भिंतीवरच्या खुंटीवरून एक मोठा तपकिरी कागद काढला आणि फरशीवर पसरला. "मी सगळ्यांना विचारते, कसे झोपता ते. त्याप्रमाणे कठडा उंच की बुटका ते ठरतं. या कुशीवर झोपणाऱ्या आहेत."

कागदावर एक बाई झोपली होती. नुसती कडा, बाकी काही नाही. डाव्या कुशीवर, एक गुडघा पुढे दुमडलेला, एक हात गालाखाली, दुसरा पोटाशी, पाठीला थोडा बाक. कप्तान उभ्या उभ्या बघत राहिला. हा आकार त्यानं लग्नापासून रोज पाठमोरा बघितला होता. दिवा मालवताना बघितला होता, सकाळी चहा का नाही म्हणून हाक मारताना बघितला होता. चेहरा नव्हता, नाव नव्हतं, तरी ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. तो शिडाच्या कडेवर मटकन बसला.

"शिडावर नको हो," बाई म्हणाल्या.

घराकडे येताना रस्ताभर त्यानं काय काय बोलायचं ते ठरवलं. हे वय आहे का, तुला झेपणार आहे का, मला न विचारता, लोक काय म्हणतील. एकेक वाक्य घासूनपुसून तयार केलं. दार उघडलं तर बायको स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून पावाला लोणी लावत होती आणि अधाशासारखी खात होती. नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला. घासूनपुसून ठेवलेलं एक वाक्य त्याला आठवलं असेल तर शपथ.

"तू त्या शिडवाल्या बाईंकडे जाऊन जमिनीवर लोळलीस?" तो म्हणाला.

"हो," बायको म्हणाली. "कळलं का? बरं झालं. मी आज सांगणारच होते."

"तू जाणार? तू? तुला समुद्र मानवत नाही!"

बायकोनं सुरी खाली ठेवली. "मला? अहो, ओकत तुम्ही होता. पहिल्या दिवसापासून. बादली धरून मी बसत होते, आणि तुम्ही पडलात की सुकाणूही मीच धरत होते."

इतकी वर्षं गोष्ट सांगून सांगून त्यातली ती बादली कधी फक्त संडासाची झाली, हे त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. आता आठवलं.

"मग उतरलीस कशाला बेटावर?"

"मी झोपेत होते. होडी कलली आणि मी बिछान्यातून खाली आपटले. बरगडी मोडली."

"बरगडी? हे तू मला कधी..."

"तक्रारीला मुभा नव्हती ना तुमच्या होडीवर! एवढंच म्हटलं मी, की बिछान्याच्या कडेला एक कापड बांधू या, म्हणजे पुन्हा पडणार नाही. जुन्या शिडाचा तुकडा पायाशीच पडला होता. हातभर कापड हो. चार गाठी. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

त्याला आठवलं नाही. खरंच आठवलं नाही, आणि आठवत नाही याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"म्हणालात, आराम हवा असेल तर घरी बसायचं." बायकोचा आवाज चढलासुद्धा नाही. "म्हणून घरी येऊन बसले. केवढी वर्षं झाली बघा."

"अगं, थट्टेत म्हटलं असेल."

"असेल. बरगडी दुखत होती, मला काही हसू आलं नाही."

तो समोरच्या खुर्चीत बसला. बायकोनं सवयीनं त्याच्यापुढे बशी सरकवली, पाव ठेवला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, लोणी लावून न देता सुरी त्याच्याकडे सरकवली.

"मला समुद्र फार आवडला होता," ती म्हणाली. "अजून डोळे मिटले की दिसतो. पहाटेच्या पाळीला मी एकटी असायचे, तुम्ही घोरत असायचात, आणि पाणी असं काळ्याचं निळं होत जायचं. मला वाटायचं, हे संपूच नये. समुद्र आवडला, होडी आवडली, ओला पावसुद्धा खाल्ला मी. मला तिथे तुम्ही आवडला नाहीत. इथे चालता."

कप्तानाला चपराक बसावी तसं झालं. कुणावर तरी ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला कुणी सापडेना. डोळ्यांत पाणी आलं, तेही त्याला आवडलं नाही.

"तुला येतं तरी का काही?" तो चिडून म्हणाला. "आता सगळं बदललंय. यंत्रं, दोर, कप्प्या..."

"शिकले. दुपारी लेक मला छोट्या होडीतून बाहेर नेते. तुम्ही झोपता तेव्हा. खूप सोपं झालंय हो सगळं. शीड गुंडाळायला डोलकाठीपर्यंत धडपडावं लागत नाही, बसल्या जागेवरून ओढता येतं. आणि ती कोट वाळवायच्या कपाटाची सोय तर इतकी छान आहे! ती मीच सुचवली."

मांडव, लोड, गुदमरणारी गादी. ज्या ज्या वस्तूवर त्यानं दात काढले होते ती ती एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पोरांनी ते सगळं आपल्या हौसेसाठी केलं नव्हतं. एका बाईला पुन्हा समुद्रावर न्यायचं होतं, आणि ती पडू नये, भिजू नये, दुखलं तर दुखतंय म्हणता यावं, एवढीच त्यांची खटपट होती. आणि हा रोज जाऊन त्यावर हसत होता.

"मला विचारायला काय झालं होतं पोरीला?" शेवटी त्याच्या तोंडून निघालंच, आणि इतक्या बारीक आवाजात, की त्याचा त्यालाच तो परका वाटला. "मला पण जायचं होतं."

"माहीत आहे की. सगळ्यांनाच माहीत आहे. रेनकोट झटकत होतात गॅलरीत." बायको पहिल्यांदाच जरा मऊ झाली. "तिनं विचारलं होतं मला. म्हणाली, आई, बाबांचा जीव अडकलाय नुसता, तोंडानं बोलत नाहीत. जागा तर एकच आहे. त्यांना घेऊ या का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, घे. खुशाल घे. पण बिछाना आणखी एक केलास ना, तरी मग मी नाही येणार. एक तर ते, नाहीतर मी."

गॅलरीतून उन्हाची तिरीप टेबलावर आली होती. लेकीनं काय केलं असेल? बसली असेल बिचारी विचार करत, दोन दिवस, चार दिवस. रडलीही असेल. बाप आहे शेवटी. तिला हा पेच सुटता सुटेना असं झालं असेल. निदान तेवढं तरी झालं असेल, असं त्याला फार वाटलं.

"मग?" त्यानं विचारलं. "ती काय म्हणाली?"

बायकोनं बशीतले पावाचे कण बोटानं गोळा केले.

"म्हणाली, आई, आत्ताच चल. माप देऊन येऊ."